सदुसष्ट वर्षांपूर्वीचं आभाळ

दोन हजार पंचवीस साल, जानेवारी महिना. मला एकोणऐंशीवं लागलेलं. शाळा तिसरीपर्यंत, तीही तुटक तुटक. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणी माझ्या लिहिण्यात काना-मात्रा शोधत बसू नये. जे पाहिलं ते लिहिलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही.

आमचा तांडा केळापूरच्या बाजूला. तांड्यातल्या शाळेचे डाखोरे गुरुजी पोरांना घेऊन यवतमाळला निघाले होते. तिथे एका कॉलेजच्या मैदानात तारांगण आलं होतं. दगड-विटांचं नव्हे, हवेनं फुगवलेला मोठा घुमट. आत बसलं की डोक्यावर आभाळ दिसतं, आणि ते आभाळ मशीनवर पाहिजे त्या दिवसाचं, पाहिजे त्या गावाचं लावता येतं, असं गुरुजी पारावर सांगत होते. मी ऐकत होतो. शंभर वर्षांपूर्वीचंही लागतं काय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, लागतं. मग मी म्हटलं, मी येतो.

गुरुजींना वाटलं, म्हातारा पोरांना चांदण्या ओळखायला शिकवतो, त्याला हौस असेल. हौस नव्हती. माझं काम होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास कळायचा नाही.

आमचे आजे-पणजे लदेणीवर जात (बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरण्याचा आमच्या लोकांचा जुना धंदा). आगगाडी आली, लदेणी संपली, शेती आली. पण वेळ आभाळात पाहायची सवय राहिली. मी लहान असताना तांड्यातल्या गाड्या कापूस घेऊन पांढरकवड्याला जात. पहाटे शुक्र उगवला की बैल जुंपायचे, म्हणजे नाल्याच्या उतारावर पोचेपर्यंत फटफटायला लागतं. शुक्र पाहून मोठ्यांना उठवायचं काम पोरांचं. ज्या साली नवे पैसे चालू झाले त्या सालच्या मार्गशीर्षात, अमावस्येच्या रात्री, हे काम माझ्याकडे होतं. मी अकरा वर्षांचा. पूर्वेला लखलखीत तारा वर आला. मी वडिलांना उठवलं. त्यांनी विचारलं, नीट पाहिलं का? मी म्हटलं, शुक्रच आहे.

दोन गाड्या निघाल्या. पुढची वडिलांची. मागची माझा चुलतभाऊ हिरा हाकत होता, तो चौदा वर्षांचा, त्याला मी भिया (थोरला भाऊ) म्हणतो. मी त्याच्या गाडीत कापसावर बसलेला. नाल्याच्या उतारावर चाक कडेला गेलं, गाडी उलटली. उजव्या बैलाचा पाय मोडला. तो बैल पुढे जगला नाही.

तिसऱ्या दिवशी नसाब बसली (तांड्याची पंचायत). भियाचं म्हणणं, रात्र काळी कुट्ट होती, गण्यानं (म्हणजे मी) तारा चुकवला, मध्यरात्रीच उठवलं, मला वाट दिसलीच नाही. माझं म्हणणं, तारा शुक्रच होता, पहाट झाली होती, भियाला डुलकी लागली. सगळा न्याय त्या एका ताऱ्यावर होता. वडिलांनी माझी बाजू धरली. नसाबीनं ठरवलं, हिराच्या हातात तांड्यातल्या कुणी कासरा देऊ नये.

बैलगाडीवर पोट असलेल्या तांड्यात ज्याच्या हाती कासरा नाही त्याला काय किंमत? चार-पाच वर्षांनी भिया यवतमाळला गेला, हमाली केली, पुढे लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लागला, तिथेच घर केलं. लग्ना-मयताला आम्ही भेटायचो. दर वेळी तो म्हणायचा तारा चुकला, मी म्हणायचो गाडी चुकली. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत चार लोकांदेखत मी त्याला झोपाळू म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

तर मला त्या रात्रीचं आभाळ पाहायचं होतं. गुरुजींच्या आणि पोरांच्या साक्षीनं शुक्र पूर्वेला दाखवायचा आणि हा सदुसष्ट वर्षांचा तंटा मिटवायचा. गाडीत बसल्या बसल्या मी हे सगळ्यांना सांगूनही टाकलं.

भाड्याची मिनीबस होती. सत्तावीस पोरं, दोन गुरुजी आणि मी. मला पुढची सीट दिली ते योग्यच केलं. थंडी होती. रानात कापसाची शेवटची वेचणी चालू होती, पऱ्हाटी काळी पडलेली, तुरीच्या गंज्या रचलेल्या. मोहद्याच्या पुढे दोन पोरींना मळमळ सुटली, त्यांना उतरवून लिंबू चोखायला दिलं. जोडमोह्याला चहा झाला. मी घरची बाटी (आम्ही भाकरीला बाटी म्हणतो) आणि तिळाची चटणी फडक्यातून सोडून बसलो, तर गुरुजींनी बळेच आलुबोंडा आणि वर तर्री घातली. तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं. मी पोरांना सांगितलं, वाऱ्यानं आलं.

तिथून पुढे सागाचं जंगल. साग पानगळीला लागलेला. वळणावळणानं रस्ता चढतो, आणि मग एकदम घरं, दुकानं, ऑटो, मोटारसायकली. यवतमाळात मी वर्षातून दोनदा येतो, धाकटी मुलगी सुमन तिथे दिलेली आहे, पण दर वेळी गाव आणखी थोडं अलीकडे आलेलं असतं.

घुमट दुरून दिसला तेव्हा मला तो उपडं ठेवलेलं मोठं मडकंच वाटला. करडा, कापडी, सारखा थोडा थोडा हलणारा. बाजूला पंखा घरघरत होता, त्याच हवेवर तो उभा. दार म्हणजे कापडी बोगदा, कमरेइतका. पोरं रांगत आत पळाली. मला वाकायला सांगितलं. मी म्हटलं, माणसाच्या उंचीचं दार करायला काय झालं होतं? तिथल्या बाईंनी नीट समजावलं, दार मोठं केलं तर हवा निघून जाते, घुमट बसतो. हे पटण्यासारखं होतं. मग काठीवरून झालं. काठी आत नको, कापडाला टोचेल. मी म्हटलं, काठीशिवाय मी कुठे जात नाही. बाई म्हणाल्या, मग काठी माझ्या हातात राहू द्या, मी तुमच्याजवळच बसते. काठी अर्ध्या तासाकरता त्यांच्याकडे दिली आणि मी हातापायावर आत गेलो. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी तसाच बाहेर आलो असतो.

त्या बाईंचं नाव प्रज्ञाताई. वय तिशीच्या आत. नेरकडच्या. हा घुमट गाडीत घालून त्या शाळाशाळांत नेतात. त्यांची बोली आमच्याकडचीच, त्यामुळे मला बरं वाटलं.

आत सतरंजी होती. सगळे पाठीवर आडवे झालो. दिवा गेला आणि पोरं एकदम गप्प झाली. मी आयुष्यभर आभाळाखाली झोपलेला माणूस, मला कापडावरचं आभाळ काय फसवणार, असं मनात धरून होतो. पण कडेला चहूकडे यवतमाळच्या टेकड्या काळ्या उमटल्या, त्यांच्यामागे उजेड विझला, आणि चांदण्या एक एक करून आल्या, ज्या क्रमानं खरोखर येतात त्याच क्रमानं. मी हात पुढे केला, तर तो दिसला नाही.

आधी त्यांनी आजचंच आभाळ दाखवलं. पश्चिमेला शुक्र, डोक्यावर रोहिणीजवळ गुरू. मग उत्तरेला बाज आणि ती चोरायला निघालेले तीन चोर वर आले. पुस्तकात त्याला सप्तर्षी म्हणतात. बाज मी पोरांना शिकवलेली, त्यामुळे सत्तावीस बोटं एकदम वर गेली. मला तेवढंच पुरे होतं.

मग प्रज्ञाताईंनी आभाळ जोरात फिरवलं. चांदण्या पूर्वेकडून पश्चिमेकडे धावायला लागल्या, आणि आपली सतरंजीच उलट्या बाजूला घसरते आहे असं वाटून पोरांनी एकमेकांना धरलं. मीही बाजूच्या गुरुजींचा दंड धरला. त्या म्हणाल्या, आता जे पोटात झालं ना, तेच खरं हाये, आभाळ जागेवर हाये आणि आपण फिरून राह्यलो. तिसरीत आमच्या मास्तरांनी हे फळ्यावर काढून सांगितलं होतं. मी तेव्हा हो म्हटलं होतं, पण खरं मानलं नव्हतं. परवा एकोणऐंशीव्या वर्षी मानलं.

पुढे त्यांनी शुक्राची गंमत दाखवली. शुक्र सूर्याच्या जवळ राहून फिरतो, म्हणून तो कधी संध्याकाळी पश्चिमेला, कधी पहाटे पूर्वेला. सूर्याला सोडून लांब कधीच जात नाही. एका पोरीनं, मीनाक्षीनं, विचारलं, मंग मध्यरात्री शुक्र कुठी राह्यते? प्रज्ञाताई म्हणाल्या, मध्यरात्री शुक्र आपल्या आभाळात दिसतच नाही, कोणत्याही साली. गुरू मात्र कोणत्याही वेळेला उगवू शकते, आणि पुष्कळ लोकं त्यालेच शुक्र समजतात.

मी उठून बसलो. म्हटलं, मॅडम, आता माझी रात्र लावा.

गुरुजींनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी वर्ष सांगितलं, नवे पैसे आले ते. महिना मार्गशीर्ष, रात्र अमावस्येची. त्यांनी खाली मान घालून मशीनवर शोधलं आणि म्हणाल्या, एकोणीसशे सत्तावन, डिसेंबर महिना, बसते बरोबर. गाव केळापूर. आभाळ सगळं एकदम सरकलं आणि थांबलं.

सूर्य नुकताच बुडालेला. पश्चिमेला एक तारा, असा तेजस्वी की आजूबाजूच्या चांदण्या फिक्या पडल्या. मी म्हटलं, हा कोण? त्या म्हणाल्या, हा शुक्र.

मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी त्याच्यावर लाल ठिपका ठेवला. शुक्र. संध्याकाळी पश्चिमेला. जो संध्याकाळी पश्चिमेला बुडतो तो त्याच पहाटे पूर्वेला उगवत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, पुढे जाऊ द्या. वेळ पुढे गेली. शुक्र टेकडीमागे बुडाला. रात्र चालू राहिली. वर कोपऱ्यात घड्याळ लिहून येत होतं. रात्री दोनच्या सुमारास पूर्वेच्या टेकडीवरून एक लखलखीत तारा वर आला. अगदी माझा होता तो. तोच स्थिर उजेड, तीच जागा. लाल ठिपका त्याच्यावर गेला आणि प्रज्ञाताई हळूच म्हणाल्या, हा गुरू हाये, आबाजी.

मी सांगितलं की तुमचं मशीन चुकलं आहे. माणसानं बनवलेलं मशीन चुकू शकतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आबाजी, तुमाले पक्कं याद असलेलं आभाळातलं काही सांगा, आपण मशीनची परीक्षा घेऊ.

मी विचार केला. सुमनच्या लग्नाच्या साली दिवाळीत सकाळी सूर्याला ग्रहण लागलं होतं. मी रानात होतो. लोक दारं लावून बसलेले, पण मी बाभळीखाली पडलेल्या उजेडाच्या कोरी पाहिल्या होत्या. कोर कोणत्या बाजूला होती तेही मला पाठ आहे. बाजू मी मशीनला आधी सांगितली नाही, मनात ठेवली. त्यांनी साल पंच्याण्णव लावलं. सूर्य उगवला, चंद्र त्याच्यावर आला, आणि कोर उरली. बाजू तीच होती.

मी पुन्हा पाठीवर आडवा झालो.

मी म्हटलं, परत त्या रात्रीवर चला, आणि दोन वाजल्यापासून सावकाश जाऊ द्या. त्यांनी तसं केलं. गुरू चढत राहिला. गाडी उलटल्यावर आम्ही त्या बैलाजवळ बसलो होतो, आणि पहाट होता होईना. दुःखात वेळ लांबतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. वेळ लांबला नव्हता. तेवढी रात्रच बाकी होती. गुरू पार वर आला तेव्हा कुठे पूर्वेला फटफटलं. भिया त्या उतारावर आंधळा होता आणि त्याला तसं मी केलं होतं. नसाबीत वडील माझ्या बाजूनं बोलले, पण बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हेही मला तिथे पडल्या पडल्या आठवलं.

एक मात्र मला सुटत नव्हतं. मी त्या हिवाळ्यात पहाटेचा शुक्र पाहिला होता, यात शंका नाही. प्रज्ञाताईंनी दोन महिने पुढे सरकवले. फेब्रुवारीत शुक्र पहाटे पूर्वेला होता. तो मी पाहिला, खूश झालो, आणि तोच त्या रात्रीवर नेऊन बसवला. पुढे इतक्या वेळा सांगितला की तो तिथलाच झाला.

दिवा लागला. पोरं डोळे चोळत माझ्याकडे पाहत होती. गाडीत मी एवढ्या मोठ्यानं बोललो होतो, आता काय बोलतो ते त्यांना पाहायचं होतं. गुरुजी सावरून घ्यायला म्हणाले, चला रे पोरांनो, रांगेत. मीनाक्षी उठली नाही. ती म्हणाली, "आबाजी, मंग हिरा आजाची चूक नव्हती?"

एवढी पोरगी, पण नसाबीत विचारायला हवा होता तो प्रश्न तिनं विचारला. मी म्हटलं, "नव्हती."

रांगत बाहेर आलो तर ऊन डोळ्यांवर आलं. भर दुपार होती. प्रज्ञाताईंनी काठी दिली आणि म्हणाल्या, अकरा वर्षाच्या पोराची ही चूक नाही आबाजी, मोठमोठे चुकतात. मी म्हटलं, अकराव्या वर्षीची माफ असेल, त्यापुढची माझीच. त्यांनी मला पाणी दिलं आणि पुढच्या शाळेच्या पोरांना आत घ्यायला गेल्या. गंमत बघा, मी जिंकायला गेलो होतो आणि हरवलं मला पोरांच्या शिकवणीच्या मशीननं, तरी मला त्या मशीनचा राग आला नाही. पुस्तक मला म्हणालं असतं की तू चुकलास, तर मी पुस्तक मिटलं असतं. इथे मला माझ्या डोळ्यांनी पुन्हा पाहायला लावलं. पोरांना असं शिकवत असतील तर शिकवू द्या.

बस पोरांना घेऊन परत गेली. मी सुमनकडे राहिलो. तिनं सोल्याची भाजी केली होती (तुरीच्या ओल्या दाण्यांची). मी अर्धीच भाकर खाल्ली. ती म्हणाली, बाबा, बोलत काहून नाही, कुणी काही म्हणलं काय? मी तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ ताट आवरत राहिली आणि म्हणाली, हिराकाकाचं घर ऑटोनं वीस मिनिटांवर हाये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी ऑटो करून लोहाऱ्याला गेलो. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला पत्र्याचं, पण नीटनेटकं घर. भिया अंगणात खुर्चीवर उन्हाला बसला होता. वाळला आहे. एक्क्याऐंशी वर्षं झाली. मला पाहून त्यानं मान दुसरीकडे केली. सून बाहेर आली, तिनं मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

आम्ही आमच्या गोर बोलीत (बंजाऱ्यांच्या भाषेत) बोललो, इथे मराठीत लिहितो. मी म्हटलं, "भिया, तो तारा शुक्र नव्हता. गुरू होता. काल पाहून आलो. रात्रीचे दोन वाजले होते. गाडी तुझी चुकली नाही, तारा माझा चुकला."

तो सुनेला म्हणाला, दोन चहा ठेव. आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जुंपायच्या आधी मी बी कापसावरून मान काढून पाह्यला होता तो. मले बी शुक्रच वाटला."

मी म्हटलं, मग नसाबीत तसं का सांगितलं नाही?

"सांगितलं असतं तर दोघांचाबी दोष झाला असता. मले वाटलं, गण्या लहान हाये, मोठा झाला की आपणहून म्हणन, तारा चुकला. पंगतीत झोपाळू म्हणला तवा समजलं, हा मोठा होत नाही."

चहा आला. मी तो ओट्यावर ठेवला आणि सुनेला म्हटलं, बाई, तुझा मोबाईल दे आणि आमच्या तांड्याच्या नायकाला लावून दे. नायक (तांड्याचा प्रमुख) आता माझ्या मुलाच्या वयाचा आहे, पण नायक तो नायक. त्यानं उचलला. मी म्हटलं, मी दुपारच्या गाडीनं येतो, संध्याकाळी नसाब बसव. तो घाबरला, म्हणाला, काय झालं काका, कुणाशी भांडण झालं काय? मी म्हटलं, भांडण नाही. सत्तावन सालचा एक निकाल चुकीचा लागला आहे. खोटी साक्ष माझी होती. हिरा निर्दोष आहे, हे मला सगळ्यांपुढे उभं राहून बोलायचं आहे, आणि बायकापोरांनाही बसव.

फोन सुनेला परत दिला. भिया आता माझ्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "चहा थंडा होऊन राह्यला. बस."

मी बसलो.